लाल गोळी आणि कडू नारिंग

स्फाक्स, १२ जानेवारी

शादलिये,

मी तुझा फोन उचलत नाही म्हणून तू माझ्या सुनेकडे, वसीलाकडे, रडलीस असं कळलं. रडू नकोस. माझा आवाज बसलाय. थंडीने नाही, गोळीने. बोलायला गेलं की गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी वाजतं आणि पलीकडचा माणूस नुसता "हॅलो, हॅलो" करत बसतो. घरात सगळे खूश आहेत. वसीला परवा शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडे हल्ली किती शांत वाटतं." मी ऐकलं. कान शाबूत आहेत.

तेव्हा आता पत्र. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात त्या मास्तरीणबाईने मला दोन हिवाळे छळलं, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. चुका काढायच्या नाहीत. पत्र अम्मारच्या लुआजमधून येईल. नाबल ते स्फाक्स सवाऱ्या भरून धावणाऱ्या गाडीवाल्यांत तोच एक असा आहे, जो दिलेली वस्तू वाटेत खात नाही.

तुला धड काही कळलेलं नाही, कारण सांगणारा लज्हर. आईच्या आजाराचं नाव घ्यायचं झालं की माझा हा मुलगा भिंतीकडे बघतो. मीच सांगते. किडनीत गाठ आहे, कॅन्सरची. आणि किडनी एकच आहे. दुसरी मुतखड्यांनी सडली तेव्हाच काढली, तू उशाशी बसून बिया खात होतीस. आता ही गाठ बसलीय नेमकी मधोमध, रक्ताची मोठी नळी आत शिरते तिथे. कापणारा डॉक्टर म्हणाला, आज कापलं तर गाठीबरोबर सगळी किडनी जाईल. मग जन्मभर यंत्र. आठवड्यातून तीनदा रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं. आमच्या गल्लीतली मबरूका त्या यंत्रावर आहे. ती आता बाई राहिली नाही, वेळापत्रक झालीय.

म्हणून आधी गोळी. छोटी, लाल, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. ती देणारी डॉक्टर वेगळी, सनिया नावाची, तरुण, चष्म्याच्या काचेवर कायम बोटांचे ठसे. ती म्हणते, गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फोडून घेते, ही गोळी ते काम बंद पाडते. उपाशी पडून गाठ आक्रसली, त्या मोठ्या नळीपासून जरा मागे सरली, तर नुसती गाठ कापून किडनी ठेवता येईल. मी विचारलं, "गोळीला कसं कळतं गाठ कुठली आणि मी कुठली?" ती हसली नाही. म्हणाली, "तितकंसं कळत नाही, मावशी. म्हणून तर तुमचा आवाज गेला." हे उत्तर मला पटलं. आजवरच्या डॉक्टरांपैकी कुणी मला "कळत नाही" असं म्हटलं नव्हतं.

आता कामाचं. जीभ मेलीय. हरीसा, तो जाळणारा मिरचीचा ठेचा, चमच्याने खाल्ला तरी ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. तुझ्या कडू नारिंगाच्या मुरांब्याचं गेल्या वर्षीचं तळाशी राहिलेलं होतं ते चाटलं, तेवढं कळलं. बाकी कशाचाच पत्ता नाही. नारिंगं उतरली असतील आता. पाठव. आणि कडू ठेव, नेहमीसारखा पाहुण्यांसाठी गोड करू नकोस.

मन्नूबिया


नाबल, १९ जानेवारी

लल्ला,

मी बिया खात नव्हते, नखं खात होते. बाकी पत्रातलं सगळं खरं मानते.

दोनदा वाचलं. पहिल्यांदा हमादी समोर होता म्हणून नीट रडता आलं नाही. त्याला मी सांगितलं, माझ्या थोरल्या बहिणीचा, लल्लाचा, आवाज गेलाय गोळीने. तर म्हणतो, "मेहुणीच्या गोळीचं नाव विचारून ठेव, घरात असलेली बरी." वर माझ्याकडे बघून हसतो. त्याला त्या दिवशी कालची भाजी वाढली.

मुरांबा केलाय. साली भिजवल्या की कडूपणा उतरेपर्यंत रोज पाणी बदलायचं, हे आईने आपल्या दोघींना मारून शिकवलंय. पण तुझ्यासाठी मी पाणी एकदाच बदललं आणि सरळ पाकात टाकलं. चाखून बघितला तर डोळ्यांत पाणी आलं, आणि हमादी तर अंगणात जाऊन थुंकला. म्हणजे तुझ्या जिभेला पुरेल. तीन बरण्या अम्मारजवळ दिल्यात, चिंध्यांत गुंडाळून.

तू एवढं लिहिलंस पण एक लिहिलं नाहीस. तुला भीती वाटते का?

शादलिया


स्फाक्स, ९ फेब्रुवारी

शादलिये,

हमादीला सांग, या गोळीने आवाज जातो, मत जात नाही. त्याच्याबद्दलचं माझं मत मी लिहूनही कळवू शकते.

बरणी उघडली आणि पहिला चमचा तोंडात ठेवला, तेव्हा कितीतरी दिवसांनी तोंड माझं वाटलं. कडू म्हणजे कडू. आता गोळी मी त्यातच खुपसून घेते, सकाळ-संध्याकाळ, आणि वर दोन चमचे नुसते. वसीलाने चाखला आणि मला म्हणाली, "उम्मी, हे खराब झालंय." मी म्हटलं, "तुझ्यासाठी खराबच आहे, तू हात लावू नकोस." दोन बरण्या संपल्या.

भीतीचं विचारलंस. मरणाची नाही. यंत्राची आहे. एका खुर्चीत बांधून पडायचं, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं रडगाणं ऐकायचं आणि आवाज नाही म्हणून त्याला गप्पही करता यायचं नाही. ते मला नको. म्हणून मी काय करतेय ते सांगते, पण हे तुझ्या-माझ्यात.

तळपाय पेटलेत. टाचांना फोड आलेत, निखाऱ्यावर उभं राहिल्यासारखं होतं. शुक्रवारी तपासणीला गेले ती दारापर्यंत वसीलाच्या खांद्यावर, आणि दारापासून डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत नव्या नवरीसारखी ताठ. सनियाने विचारलं, "पाय कसे आहेत?" मी म्हटलं, "दोन्ही आहेत." बीपी मोजायचं यंत्र घरी दिलंय. आकडा मोठा आला की मी जरा थांबून परत मोजते, मग परत. जो लहान येतो तो सांगते. कारण सांगितलं तर सनिया गोळी कमी करेल, आणि गोळी कमी केली की गाठ जेवायला बसेल. उपाशी ठेवायची म्हणजे ठेवायची, मधेच दया दाखवून कसं चालेल.

एक गंमत ऐक. सनियाने काय खायचं नाही ते वाचून दाखवलं. "ग्रेपफ्रूट खाता का? ते पपनसासारखं मोठं पिवळं फळ?" मी म्हटलं, "जन्मात खाल्लं नाही. ते हॉटेलात उतरणारे खातात." ती म्हणाली, "छान. त्याने गोळी अंगात साठते." साठते म्हणजे कुठे, ते विचारल्याशिवाय मी उठते होय? तर म्हणे, आपल्या आतड्यात गोळीचा बराचसा भाग मोडून टाकणारं काहीतरी बसलेलं असतं, आणि ते फळ त्याचं तोंड बंद करतं. मग गोळी न मोडता सगळी रक्तात. शादलिये, आपल्या पोटात गोळ्या मोडायला कुणी बसलंय आणि आपल्याला पत्ता नाही. एवढी वर्षं हे पोट वापरतेय मी. मी संत्र्याचं विचारलं, तर ती चालतात म्हणाली.

तिसरी बरणी उघडलीय. आणखी कर.

मन्नूबिया


नाबल, १३ फेब्रुवारी

लल्ला,

तू चिडणार, म्हणून आधी तेच सांगते. काल मी वसीलाला फोन केला आणि तुझ्या पायांचं आणि बीपीचं सगळं सांगितलं.

तिला लंगडणं दिसलं होतं. ती म्हणाली, "उम्मी म्हणाल्या, नव्या चपला चावतात." मी विचारलं, "बाई, तुझ्या सासूने शेवटच्या नव्या चपला कधी घेतल्या?" मग ती रडली. तू तिला जितकी दगड समजतेस तितकी ती नाही.

किडनी वाचवायला तू निघालीस, ठीक आहे. पण ती किडनी ज्या बाईत बसवलीय ती बाईही मला हवी आहे. आता हवं ते बोल.

दोन बरण्या पाठवतेय. तुझा राग उतरेल इतक्या त्या गोड नाहीत, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

शादलिया


स्फाक्स, इस्पितळ, २० फेब्रुवारी

चुगलखोर बाई,

वसीला मला ओढतच घेऊन आली. इथल्या नर्सने बीपी मोजलं, माझ्याकडे बघितलं, दुसरं यंत्र आणलं, परत मोजलं आणि खुर्चीवरून उठू नका म्हणाली. आकडा लिहीत नाही, तू तिकडे बेशुद्ध पडशील. चपला काढायला लावल्या. सनियाने माझे तळवे एकेक करून उजेडात धरून बघितले. मग म्हणाली, "मावशी, एवढ्या मात्रेला असं व्हायला नको होतं." आणि गोळी बंद. मला खाटेवर टाकलं. मी म्हटलं, "आज गाठीच्या घरी लग्न असेल."

मग तिने चौकशी मांडली. सकाळी उठल्यापासून काय काय खाता? मी सांगितलं, भाकरी, ऑलिव्हचं तेल, अंडं, संध्याकाळी वाटीभर पातळ चोरबा. फळं? कोणतंच नाही, चव लागत नाही. तेवढ्यात वसीला म्हणाली, "आणि नारिंगाचा मुरांबा. बरण्याच्या बरण्या."

मी म्हटलं, "मुरांबा काय फळ आहे?"

तूच सांग. नारिंग झाडावरून तोडून सोलून खाताना कुणाला बघितलंयस? ते फुलांसाठी लावायचं, आणि फळ उतरलं की साल मुरवायची. आपल्या फडताळात ते हरीशाच्या आणि खारवलेल्या लिंबांच्या शेजारी असतं, टोपलीत कधीच नसतं. मला फळं विचारली, मी फळं सांगितली.

सनियाने चष्मा काढला. तिला बरणी बघायची होती. वसीला घरी जाऊन घेऊन आली. सनियाने चमच्याच्या टोकाने चाखला आणि तिचं तोंड असं झालं की दुसऱ्या खाटेवरची बाई हसली. "हे एवढं कडू का?" मी सांगितलं, "पाणी एकदाच बदललंय." मग ती खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "कडू नारिंग त्या ग्रेपफ्रूटच्याच वळणाचं आहे. आतड्यातल्या त्या मोडणाऱ्याचं तोंड तेही बंद करतं, आणि सगळ्यात जास्त सालीतच. माझ्या आजीच्या घरी दर हिवाळ्यात करतात हे, मी स्वतः खाऊन वाढले. आणि मी इथे बसून सगळ्यांना ग्रेपफ्रूट विचारतेय. इथे ग्रेपफ्रूट खातं कोण?" मला तिच्यावर रागवायचं होतं, जमलं नाही. आम्हा दोघींना तो मुरांबा समोर असून दिसला नाही.

मी विचारलं, "म्हणजे मी किती गोळी खाल्ली?" म्हणाली, "नेमकं सांगता येणार नाही. लिहून दिली त्याहून बरीच जास्त." पाय बरे होऊन बीपी खाली आलं की परत सुरू करणार, तेवढीच मात्रा, मुरांब्याशिवाय. मधल्या काळात गाठ काय करेल ते तिलाही माहीत नाही. तिने ते तसंच सांगितलं.

मुरांबा पाठवू नकोस. मला राग आहे तो चुगलीचा, मुरांब्याचा नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस.

मन्नूबिया


स्फाक्स, १७ मार्च

शादलिये,

अम्मारला विचारलं, माझी बहीण जिवंत आहे का? म्हणाला, "आहे, झाडावर चढलीय." फुलांचे दिवस आहेत, हात रिकामे नसतील, कबूल. पण एक ओळ लिहायला दोन बोटं पुरतात. मी मागे पाठवलेल्या दोन चिठ्ठ्यांना उत्तर नाही. तू बोलतेस तेव्हा माझं डोकं उठतं, हे तुला ठाऊक आहे. तू गप्प बसतेस तेव्हा ते जास्त उठतं, हे मला नवीन आहे.

तरी बातमी सांगते, तुझ्यासाठी नाही, सांगितल्याशिवाय मला राहवत नाही म्हणून.

आतले फोटो काढले. सनियाने जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले आणि मला उठवून उभं केलं. पाय आता बरे आहेत, साल निघाली, खाली लहान मुलासारखी गुलाबी कातडी. जुन्या फोटोत गाठ मोठ्या नळीला टेकून बसलीय, भाडेकरू घरमालकाच्या ओट्यावर बसतो तशी. नव्या फोटोत ती लहान झालीय आणि दोघांच्या मधे एक बारीकशी काळी फट दिसते. मला आधी दिसलीच नाही, मग तिने पेन्सिलीचं टोक ठेवून दाखवली. कापणारा डॉक्टर येऊन तीच फट बघत उभा राहिला. म्हणाला, "इथून सुरी जाईल. प्रयत्न करतो. पण रक्त थांबलं नाही तर सगळी किडनी काढावी लागेल, तशी परवानगी द्या." दिली. ऑपरेशन अठ्ठावीसला आहे.

गोळी त्याच्या आधी बंद करायची. का, तर चालू ठेवली तर जखम भरत नाही. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, आणि गोळीला त्यातलं काही कळत नाही, ती दिसेल ती बंद पाडते. म्हणजे गाठ वाढते ती जखम भरावी तशीच की काय? हे मी सनियाला विचारलं. ती म्हणाली, "बरेच लोक असंच म्हणतात." बरेच लोक म्हणजे कोण, ते सांगायला तिला वेळ नव्हता.

पण खरा प्रश्न दुसराच होता. मी म्हटलं, "डॉक्टर, गाठ आक्रसली ती आधीच्या जास्तीच्या गोळीने की नंतरच्या बरोबर गोळीने?" तिने उठून दार लावलं. म्हणाली, "मावशी, मला माहीत नाही. तुम्ही एकट्या आहात, एका बाईवरून हे कुणालाच कळणार नाही. जास्तीने डोक्यातली शीर फुटली असती, एवढं माहीत आहे. कुणाला सांगू नका, नाहीतर उद्या माझ्या दारात सगळे बरण्या घेऊन येतील." मी जायला निघाले तर मागून म्हणाली, "प्रश्न मात्र चांगला आहे."

तुलाही सांगायला नको होतं. पण तू आता कुणाशी बोलतच नाहीस, तेव्हा चालेल.

मन्नूबिया


नाबल, २१ मार्च

लल्ला,

कशी लिहू? माझ्या हातचं खाऊन तू त्या खाटेवर गेलीस. पाणी एकदाच बदललं, हे मी तुला कौतुकाने लिहिलं होतं. तुझं वीस तारखेचं पत्र वाचलं आणि उरलेल्या सगळ्या बरण्या अंगणात फोडल्या. मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. हमादी म्हणाला, "मेहुणीला मारायला निघालीस तेव्हा बोलत होतीस, ती वाचली तर मौन कशाला?" त्याला गंमत करायची होती. मी त्याला जेवण वाढलं नाही, तेव्हा त्याने स्वतः अंडी तळली आणि अर्धी माझ्यासमोर ठेवली.

पण मी गप्प होते ती फक्त तुझ्याशी. वसीलाला रोज फोन करत होते. तुझं बीपी, तुझे पाय, तू किती खाल्लंस, किती जणांना टाकून बोललीस, सगळं मला ठाऊक आहे. तिनेच मला सांगितलं की आवाज थोडा आलाय, आणि आल्याबरोबर तू तिच्या भाताला नावं ठेवलीस. तिला बरं वाटलं, असं म्हणाली.

तू लिहितेस, मुरांब्याचा राग नाही. तू खोटं बोलत नाहीस, हे माहीत असूनही विश्वास बसत नव्हता. आता तू विचारतेस की माझ्या मुरांब्यानेच तर काम केलं नसेल ना. लल्ला, हे विचारू नकोस. डॉक्टरीणबाईला माहीत नाही तेच बरं आहे. मला त्यात पापही नको आणि पुण्यही नको.

यंदाची फुलं शेजारणीला दिली. तीच तोडेल, तीच अर्क काढेल. मी सत्तावीसला अम्मारच्या गाडीने येतेय. नाही म्हणू नकोस, तुझं उत्तर येईपर्यंत मी गाडीत बसलेली असेन.

शादलिया


चिठ्ठी, २८ मार्च, इस्पितळाच्या बाकावरून

लल्ला,

आत एकाच माणसाला सोडतात. ही नर्स चिठ्ठी नेते म्हणाली, वाचूनही दाखवते म्हणाली.

लज्हर आत येऊन गेला. तू डोळे उघडून त्याला विचारलंस, "आहे का?" आणि तो भिंतीकडे बघून रडत बाहेर आला, म्हणजे तुला वाटलं असेल की किडनी गेली. तो तसाच आहे. माझं ऐक. आहे.

कापणारा डॉक्टर बाहेर आला तेव्हा मी त्याची बाहीच धरली. गाठ अख्खी निघाली. किडनीचा एक तुकडा गेला, बाकीची ठेवलीय. पण कापताना रक्ताची ती मोठी नळी चिमट्यात धरून ठेवावी लागली, तेवढा वेळ किडनीला रक्त मिळालं नाही. ती परत कामाला लागते की नाही, ते लघवी उतरली की कळेल. तुझ्या खाटेखाली पिशवी आहे. अजून कोरडी आहे, असं नर्स म्हणते. मी तुझ्यापासून काही लपवणार नाही, म्हणून हेही लिहिलं.

शादलिया


चिठ्ठी, २९ मार्च, आतून

शादलिये,

एका हातात सुई आहे, अक्षर वाकडं येईल.

चिठ्ठी नर्सने वाचून दाखवली. चांगलं वाचते, तुझं रडणंसुद्धा वाचलं. "आहे" हा शब्द मी तिला दोनदा वाचायला लावला.

सनिया सकाळी येऊन गेली. मी गाठ बघायला मागितली. एवढे महिने उपाशी ठेवली, तोंड तरी बघू. म्हणाली, ती प्रयोगशाळेत गेली, तिचे काप करून भिंगाखाली बघतील, किती मेली होती आणि किती जिवंत. मी म्हटलं, "जे दिसेल ते मला सांगायचं. लज्हरला नाही." कबूल झाली.

काल दिवसभर पिशवी कोरडीच होती. नर्सा यायच्या, वाकून खाली बघायच्या आणि वर होऊन माझ्याशी हवेबद्दल बोलायच्या. मी त्यांना म्हटलं, इथे खिडकी नाही, हवेचं तुम्हाला काय माहीत. आज उजाडल्यावर नळीत एक थेंब आला, लालसर. मग बराच वेळ काहीच नाही. मग पिवळा. मग त्याच्यामागून आणखी. आता उतरतंय. मी नर्सला सांगून पिशवी खाटेच्या या बाजूला टांगून घेतलीय, मान वळवली की दिसते.

दुपारी तुझी पाळी आहे, ये, पण रडायचं नाही, मला बघू दे. वसीला म्हणते, "उम्मी, डोळे मिटा, आराम करा." कशाला मिटू? घरच्या टीव्हीवर इतकं चांगलं काही लागत नाही.

मन्नूबिया